घर तारण ठेवून अमेरिकेत एमएस? आधी आय-२० वरचा क्रमांक बघा

प्रश्न : मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. (ऑनर्स) सामुदायिक विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ‘मानव विकास व कौटुंबिक अभ्यास’ या विषयात पुढे शिकायचे आहे. अमेरिकेत दोन वर्षांच्या एमएसला प्रवेश मिळाला आहे, खर्च ४२ लाख, शिष्यवृत्ती नाही. यजमान जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, निवृत्तीला सहा वर्षे, हातात ७८ हजार येतात. घर तारण ठेवून ४० लाख कर्ज काढावे, की १२ लाखांचा पीपीएफ आणि ९ लाखांची एफडी मोडून कर्ज कमी करावे?

उत्तर : ताई, या एमएससाठी दोन्ही करू नका. मुलीने निवडलेला विषय चांगला आहे, अडचण आहे ती पैसे उभे करण्याच्या पद्धतीत.

व्याजदर ११ टक्के धरू. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. पहिल्या वर्षी २० लाख आणि दुसऱ्या वर्षी २० लाख उचलले, तर सरळव्याजाने ८ लाख ८० हजार होतात आणि ते मुद्दलात मिळवले जातात. मग ४८ लाख ८० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो सुमारे ६७,२०० रुपये. यजमान निवृत्त होतील तेव्हा साडेसहा वर्षांचे हप्ते शिल्लक असतील. सगळी बचत मोडली तरी २१ लाखांच्या कर्जाचा हप्ता ३५ हजारांवर जातो आणि घरात अडीअडचणीला एक रुपया उरत नाही. व्याजावर करसवलत मिळते खरी, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षे.

हे कर्ज फेडायचे तर मुलीला तिथे काही वर्षे डॉलरमध्ये कमाई हवी. इथेच बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-२० हा प्रवेशाचा दाखला देते, त्याच्या पहिल्या पानावर विषयाच्या नावापुढे सीआयपी क्रमांक, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, छापलेला असतो. मानव विकास व कौटुंबिक अभ्यासाचा क्रमांक साधारणपणे १९.०७ ने सुरू होतो, आणि तो ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या सरकारी यादीत नाही. म्हणजे शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करता येईल फक्त १२ महिने, तेही विषयाशी संबंधित, आणि त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. काही विभाग हेच शिक्षण ‘विकासात्मक व बाल मानसशास्त्र’ म्हणून ४२.२७०३ खाली देतात. तो क्रमांक यादीत आहे, त्यावर आणखी २४ महिने मिळू शकतात. विभागाला आजच ईमेल करून क्रमांक विचारा. आणखी एक : या एमएसवर कुटुंब-समुपदेशकाचा तिथला परवाना मिळत नाही. त्यासाठीचा अभ्यासक्रम वेगळा, शिवाय देखरेखीखाली कामाचे तास भरावे लागतात.

तुमच्या मुलीकडे एक मोठी जमेची बाजू आहे, तिची पदवी चार वर्षांची आहे. अमेरिकेतले अनेक विभाग चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला घेतात, आणि तिथे सहसा फीमाफी व आठवड्याला २० तासांच्या सहायकपदाचे मानधन मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्या आवडीच्या विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना लिहायचे. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारी, आणि आर्थिक मदतीच्या देकाराला उत्तर द्यायचे ते बऱ्याच ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत. फीमाफी असली तरी आरोग्य विमा आणि किरकोळ शुल्क कोण भरणार, हे पत्रात लिहून घ्या.

पण प्रबंधाचा अनुभव नसताना हा प्रवेश कठीण जातो. म्हणून मी आधी इथलीच एम.एस्सी. करायला सांगेन : परभणीत, किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, जिथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. कृषी विद्यापीठांसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषद) पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी. गुणवत्ता यादीत वर आली तर दरमहा विद्यावेतनही मिळते. कर्ज लागलेच तर साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, घराला हात लावायची वेळ येत नाही. पुढे गृहविज्ञान विषयात नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देऊन अध्यापनाचा मार्ग आहे, कृषी विज्ञान केंद्रांत गृहविज्ञानाच्या विषय विशेषज्ञाच्या जागा निघतात. विशेष मुलांसोबत काम करायचे असेल तर मात्र एम.एस्सी. पुरत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. त्या अभ्यासक्रमाचे पैसे आत्ताच एफडीतून बाजूला काढून ठेवा.

मिळालेला प्रवेश लगेच सोडू नका. तो एक वर्ष पुढे ढकलता येईल का आणि सहायकपद मिळेल का, हे विद्यापीठाला विचारा. उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नका, बँकेचे प्रक्रिया शुल्कही नको. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर आणि व्हिसाचे शुल्क एकदा भरले की परत मिळत नाही.