नूतनची कारकीर्द आईच्या नावावर उभी राहिली का?

तुम्ही विचारलंय की शोभना समर्थांच्या पोटी जन्मली नसती तर नूतनला कुणी विचारलं असतं का. पहिल्या सिनेमापुरतं सरळ सांगतो, नसतं विचारलं. 1950 साली ‘हमारी बेटी’ आला तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती आणि सिनेमा काढणारी खुद्द आईच. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक, नलिनी जयवंत नात्यातली. आई तर ‘रामराज्य’मधली (1943) सीता. तिची आणि प्रेम अदीबची राम-सीतेच्या वेषातली कॅलेंडरं घरोघरी लागायची. आमची आजी शेवटपर्यंत त्यांचा उल्लेख ‘सीताबाई’ असाच करायची. एवढा वशिला असल्यावर एक सिनेमा कुणालाही मिळेल.

पुढच्याच वर्षी ‘नगीना’ आला. त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं आणि वय कमी म्हणून नूतनला स्वतःच्याच सिनेमाला आत सोडलं नाही, असा किस्सा सांगतात. मग आईने तिला शिकायला स्वित्झर्लंडला धाडलं. माझ्या मते तिची खरी सुरुवात तिथून परतल्यावर, अमिय चक्रवर्तींच्या ‘सीमा’पासून (1955) धरावी. पहिलं फिल्मफेअर त्याच सिनेमाचं.

आणि आईच्या नावाचं म्हणाल तर ते फार काळ पाठीशी नव्हतंच. ‘छबिली’ (1960) हा आईचाच सिनेमा. त्यात नूतनने स्नेहल भाटकरांच्या चालीवर स्वतः गाणीही म्हटली. पण पुढे पैशांवरून मायलेकींचं बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं, कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. समेट झाला तो बराच उशिरा.

त्यात 1959 मध्ये नौदलातल्या रजनीश बहल यांच्याशी लग्न, 1961 मध्ये मोहनीशचा जन्म. त्या काळी हिरॉइनचं लग्न झालं की निर्माते दुसरीकडे वळायचे. हिच्याकडे मात्र बिमल रॉय ‘बंदिनी’ (1963) घेऊन आले. त्यातला विषाचा प्रसंग आठवून बघा. बाहेर वेल्डिंगचं काम चालू आहे, घणाचे घाव पडताहेत, ठिणग्यांचा उजेड कल्याणीच्या, म्हणजे नूतनच्या, चेहऱ्यावर येतो आणि जातो. संवाद नाही. चहात विष कालवायचं हे तिचं कधी ठरलं, तो क्षण नेमका दाखवता येतो त्या चेहऱ्यावर. ‘सुजाता’तही (1959) तेच. फोनवर सुनील दत्त गातो आणि हिने फक्त ऐकायचं असतं. अख्खं गाणं नुसतं ऐकण्यावर तोलून धरायचं! हे कुठल्या घराण्यातून मिळतं, मला नाही सांगता येणार.

‘मिलन’ (1967) आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ (1978) धरून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर झाली. शेवटचं मिळालं तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. हा सिनेमा चंद्रकांत काकोडकरांच्या मराठी कादंबरीवरून घेतलाय, हे आपल्याकडेही अनेकांना ठाऊक नसतं. पाचांची बरोबरी झाली ती 2011 मध्ये, आणि केली कुणी? नूतनच्या धाकट्या बहिणीच्या, तनुजाच्या मुलीने, म्हणजे काजोलने. तेव्हा घराण्याचा मुद्दा तुम्ही अगदीच सोडून द्या असं मी म्हणणार नाही.

21 फेब्रुवारी 1991 ला कर्करोगाने ती गेली, तेव्हा वय अवघं 54.

पाहायला सुरुवात कुठून करायची असेल तर माझं मत ‘सौदागर’ला (1973). पडद्यावर तरुण अमिताभ आहे, पण नजर नूतनवर ठेवा. ती खजुरीच्या रसाचा उत्तम गूळ करणारी विधवा, महजुबी. तिच्या हातच्या गुळावर पैसा जोडता यावा म्हणून तो तिच्याशी निकाह लावतो आणि दुसऱ्या मुलीसाठी मेहरची (लग्नात नवऱ्याने द्यायची) रक्कम जमताच हिला सोडून तिला आणतो. नव्या बायकोला गूळ काही जमत नाही. शेवटी तो रस घेऊन महजुबीच्याच दारात येतो. त्या वेळी ती त्याच्याकडे कशी पाहते, ते बघा.