बाळ मोठं होईल, प्लॉटचा हप्ता राहील

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 34, दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. सावकाराचे दीड लाख, शेकडा 3 रुपये महिन्याच्या व्याजाने. मुलगा 13 वर्षांचा, मुलगी साडेआठची, घरात सासूबाई. पुण्यात एका घरी चोवीस तास राहून आठ महिन्यांचं बाळ सांभाळायचं काम चालून आलंय. पगार 20,000, जेवणखाण त्यांच्याकडे. काम मिळवून देणारा ब्युरोवाला पहिल्या पगारातून 10,000 घेणार. दीर म्हणतात, या पगारावर गावाबाहेर साडेचार लाखांचा प्लॉट घ्या, 7,500 चा हप्ता, 60 महिने. जाऊ का, आणि प्लॉट घेऊ का? शेवटी एक ओळ अहिराणीत लिहिलीय : ‘पोरं सोडीसन जावाले मन व्हत नही.’

ताई, माझं मत असं : जा, पण कर्ज फेडायला जा. प्लॉटसाठी जाऊ नका.

आधी 20,000 म्हणजे हातात खरे किती, ते बघू. आज तुम्ही महिन्यातले पंधराएक दिवस 250 रुपये रोजाने जाता, म्हणजे 3,750 घरात येतात. ते थांबतील. शिवाय निंदणी आणि वेचणी तुम्ही स्वतः करता, तिथे आता मजूर लावावे लागतील. तुमचे घरचे हात फुकट होते असं समजून कोणी हिशेब मांडत असेल, तर तो हिशेब चुकीचा आहे. म्हणून दरमहा 6,000 घरी पाठवायचे, 1,500 तुमच्या मोबाइलला, औषधाला, गाडीभाड्याला. उरले 12,500. लाडक्या बहिणीचे 1,500 यात धरू नका. त्या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तुमचा पगारच 2,40,000 होतो, त्यात कापसाचे आले की मर्यादा ओलांडलीच.

शेकडा 3 म्हणजे वर्षाला 36 टक्के. दर महिन्याला 4,500 नुसतं व्याज. पहिल्या महिन्यात ब्युरोचे 10,000 जाऊन 2,500 च उरतील; पुढे 12,500 प्रमाणे फेडत गेलात तर सगळे मिळून सतरा महिने लागतील आणि व्याजापोटी जवळपास 44,000 जातील, तेही सावकाराने थोडं थोडं मुद्दल घेतलं तर. बरेच जण घेतच नाहीत. ‘एकरकमी आण, तोवर व्याज दे’ म्हणतात.

तुमच्याकडे तीन तोळे सोनं आहे, असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. आजच्या भावाने त्यावर बँक दीड लाख सहज देते, व्याज साधारण 9 ते 10 टक्के वर्षाला. निघण्याआधी हे सोनेतारण कर्ज काढा आणि सावकार एका दिवसात मोकळा करा. मग पहिल्या महिन्यात तेच 2,500 आणि पुढे 12,500 बँकेत भरलेत की चौदा महिन्यांत सोनं परत घरात, व्याज साधारण 10,000. चौतीस हजारांचा फरक पडतो, ताई. कर्जाची मुदत बहुधा वर्षाची असते, तेव्हा नूतनीकरणाचं आधीच विचारून ठेवा. पोत गहाण टाकायची म्हटलं की जीव तुटतो, हे मी रोज समोर बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर बघतो. पण ती पोत आज पेटीत आहे आणि व्याज बाहेर धावतंय. सावकाराकडून पावती, कोरा चेक, स्टँप पेपर सगळं परत घ्या. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. अडवणूक झाली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

आता प्लॉट. बाळ आज आठ महिन्यांचं आहे. तीन वर्षांचं झालं की शाळेत जाईल आणि तुमचं काम संपेल किंवा अर्ध्यावर येईल. म्हणजे या पगाराचं आयुष्य फार तर दोन वर्षं चार महिने, आणि हप्ता पाच वर्षांचा. उरलेले हप्ते कापसातून भरणार? दिरांना वाईट वाटू देऊ नका, पण नाही म्हणा.

कामाच्या अटींबद्दल मला जास्त काळजी आहे. गेल्या वर्षी एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आणि सोबत मुलाची शंभर पानी वही. वहीत अकरा महिन्यांच्या उभ्या रेघा. पगार ‘मॅडमकडे जमा’ होत होता. काम सुटलं तेव्हा सुट्ट्यांचे, आजारपणाचे पैसे कापून हातात निम्मेच आले, आणि रेघांखेरीज त्यांच्याकडे पुरावा नव्हता. म्हणून पगार दर महिन्याला तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात. मूळ आधार कार्ड कोणाकडे ठेवायचं नाही, झेरॉक्स द्या. रात्री बाळाला कोण उठणार, स्वयंपाक-भांडी तुमच्याकडे आहेत का, ते घर महिनाभर बाहेरगावी गेलं तर पगार मिळणार का, हे आधीच विचारा. आणि आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातला कानबाईचा सण, दिवाळी यांना घरी यायचे दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी जमलेली आणि आईच नाही, असं मुलांना वाटायला नको.

दोन कामं जाण्याआधी. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं उघडा. ते वयाच्या दहा वर्षांच्या आतच उघडता येतं. वर्षाला 250 रुपये भरले तरी चालू राहतं, कर्ज फिटल्यावर रक्कम वाढवा. आणि बँकेत 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा, दोन्ही वर्षाचे, प्रत्येकी दोन लाखांचे, लावून घ्या.

चौदा महिन्यांनी सोनं सुटेल. पुढे राहायचं की परतायचं, ते त्या दिवशी ठरवा, आज नाही. आज मात्र एक गोष्ट सासूबाईंजवळ बसून ठरवा : मुलगी रात्री कोणाजवळ झोपणार, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार. ते ठरेपर्यंत पुण्याचं तिकीट काढू नका.