तुटलेला पट्टा भंगारात जाऊ देऊ नका

जुनी गाडी घेतली, इंजिन बसलं, आणि विक्रेत्याने ‘जशी आहे तशी स्वीकारली’ या ओळीखालची सही दाखवून हात वर केले. अशी पत्रं इतकी येतात की पहिला परिच्छेद वाचायचीही गरज उरत नाही. सगळ्यांना विचारायचं असतं ते एकच: सही केली म्हणजे संपलं का? तुमच्या पत्रात मात्र खरी गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. ‘गॅरेजवाला सोमवारी काम सुरू करतोय, गाडी दुरुस्त झाली की बिल जोडून नोटीस पाठवू का?’

नाही. आधी गॅरेजला फोन करून काम थांबवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही १९ महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून गाडी घेतलीत. सर्व्हिसचं पुस्तक नव्हतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बदललाय का, असं तुम्ही मेसेज करून विचारलंत आणि त्याने लिहिलं, ‘हो, बदललाय, टेन्शन घेऊ नका.’ आता चालत्या गाडीत तो बेल्ट तुटला. पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांची सांगड सुटली, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले आणि व्हॉल्व्ह वाकले. तुमचा सगळा दावा त्या ‘हो, बदललाय’वर उभा आहे, आणि ते वाक्य खोटं होतं हे सांगू शकणारी एकच वस्तू आहे: तो तुटलेला पट्टा. बऱ्याच बेल्टवर भाग क्रमांक आणि उत्पादनाचा सांकेतिक आकडा छापलेला असतो. तो गाडीच्या जन्माच्या सुमाराचा निघाला, तर व्यापाऱ्याला बोलायला फार जागा राहत नाही. अक्षरं घासून गेली असतील तर प्रकरण अवघड होईल, पण पट्टाच नसेल तर ते सुरूच होणार नाही.

म्हणून आज व्यापाऱ्याला स्पीड पोस्टाने आणि मेसेजवरही कळवा: अमुक दिवशी, अमुक वाजता इंजिनाची तपासणी होणार आहे, तुमचा मेकॅनिक घेऊन या. तो येणार नाही; हरकत नाही, बोलावल्याचा पुरावा राहतो. तपासणी मात्र दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजकडून नको, वेगळ्या ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून लेखी करून घ्या. बेल्टवरचे आकडे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली), वॉटर पंप, ऑइल सीलची गळती या सगळ्याचे फोटो हवेत. पंप जाम होऊन किंवा टेन्शनर बसून नवा बेल्टही तुटतो. नवा बेल्ट जुन्या टेन्शनरवर चढवलेला निघाला, तर व्यापारी खरं बोलला होता आणि तुमचा दावा बराच लंगडा झाला, हे आधीच कळलेलं बरं. मग सगळे सुटे भाग सहीनिशी सीलबंद करून स्वतःच्या ताब्यात ठेवा. त्यानंतर गाडी खुशाल दुरुस्त करा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे चाचणीशिवाय दोष ठरत नसेल, तर ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. पाठवायला नमुना तर हवा! चाचणी लागणारी तक्रार ५ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असंही तिथे लिहिलं आहे. आयोगाच्या बाकावर बसून तारखा घेतलेल्या कुणालाही हे वाक्य वाचून हसू येईल.

आता ती सही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मधली गर्भित हमी, म्हणजे न लिहिताही कायद्याने धरलेली हमी, करारातल्या स्पष्ट अटीने वगळता येते, त्यामुळे ‘जशी आहे तशी’ अगदीच बिनकामाची नाही. व्यापारी फक्त गप्प राहिला असता, तर मी तुम्हाला आशा लावली नसती. पण विचारल्यावर त्याने उत्तर दिलं, आणि ते उत्तर जाणूनबुजून खोटं असेल तर तसल्या ओळीआड लपणं सोपं नाही. त्याला ते माहीत होतं का, हे सिद्ध करणं तुमच्याकडे. तो म्हणेल, आधीच्या मालकाने सांगितलं तेच मी सांगितलं. तिथे आयोग काय म्हणेल याची खात्री मी देणार नाही. मेसेजचा मूळ फोन जपा. मेसेज हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

तुम्ही पाठवलेलं जॉब कार्ड मी दोनदा वाचलं. गाडी घेतल्यावर दोनच महिन्यांनी तुमच्याच मेकॅनिकने लिहिलं आहे: ‘बेल्टचा इतिहास नाही, बदलून घ्यावा.’ तुम्ही त्यावर सही करून गाडी पुढे २२ हजार किलोमीटर पळवलीत. अहो, ज्या गाडीचं बेल्ट बदलल्याचं बिल नाही तिचा बेल्ट पहिल्याच आठवड्यात बदलायचा असतो. वरून बघून त्याचं वय कळत नाही. हे कार्ड समोरचा वकील काढणारच, आणि भरपाई कापली जाण्याची शक्यता धरून चाला. ते लपवू नका, तक्रारीत स्वतःच जोडा आणि व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबलो असं लिहा. गाडी परत आणि पूर्ण पैसे ही मागणी सोडा. दुरुस्तीचा खर्च मागा.

पावती कुणाच्या नावाने आहे तेही बघा. व्यापारी ‘मी नुसता मध्यस्थ’ म्हणाला, तर त्यालाही आणि मूळ मालकालाही पक्षकार करावं लागेल.

तक्रारीची मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे २ वर्षांची. ती बेल्ट तुटल्यापासून मोजा असा युक्तिवाद करता येईल, पण तुम्ही खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे हातात ५ महिने आहेत. व्यापाऱ्याच्या ‘बघतो, कळवतो’ने मुदत वाढत नाही, आणि विलंब माफीचा अर्ज करायची वेळ स्वतःवर आणू नका.

गॅरेजवाल्याने जुना पट्टा अजून ठेवला आहे का, तेवढं आजच विचारून कळवा. फेकला असेल तर नोटिशीचा मसुदा वेगळा करावा लागेल.