वाचकांचे प्रश्न : सीनियर फोटो, पैठणी आणि चष्मा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सप्टेंबरपासून बारावीत, म्हणजे सीनियर इयरला जाईल. शाळेकडून इयरबुकच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटो-पुस्तकाच्या, फोटोची तारीख आली आहे. शिवाय तिच्या मैत्रिणी बाहेरच्या फोटोग्राफरकडून वेगळे सीनियर पोर्ट्रेट काढून घेताहेत. दोन्हींची गरज असते का? मला वाटतं तिने पैठणी नेसावी, ती म्हणते जीन्स. चेहऱ्यावर मुरुमं आहेत, चष्माही आहे. तयारी काय करावी?
— एक आई

उत्तर : या दोन फोटोंची गल्लत झाली की घरोघरी वाद होतात. इयरबुकचा फोटो शाळेने ठरवलेला स्टुडिओ काढतो. पुष्कळ शाळांत मुलींच्या खांद्यांवरून काळं ड्रेप, म्हणजे कापड, घेतात आणि मुलांना टक्सिडोचा नुसता पुढचा भाग अडकवतात, म्हणजे वर्गाची पानं एकसारखी दिसतात. तिथे तुमच्याही आवडीला वाव नाही आणि तिच्याही. तसं असेल तर आतून रुंद गळ्याचा, बिनबाह्यांचा टॉप घालून पाठवा आणि तारीख चुकवू नका. बाहेरचं सेशन ऐच्छिक, नाही केलं तरी काही अडत नाही.

करणार असाल तर ऑगस्टमध्येच उरका. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाडं रंगतात हे खरं, पण १ नोव्हेंबरला बऱ्याच कॉलेजांच्या अर्ली, म्हणजे लवकर करायच्या, अर्जांची मुदत असते आणि तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर अर्जाचा निबंध दिसतो, हसू नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तुमच्याकडे सूर्य ८ नंतर मावळतो, त्यामुळे साडेसहाची वेळ मागा. पार्कात पैसे घेऊन फोटो काढायला बरेचदा परमिट लागतं, ते कोण काढणार हे फोटोग्राफरला विचारून घ्या. आणि डासांचा स्प्रे न्या, हसू नका, न्याच.

आता पैठणी. ती नेसायची की नाही, हे मुलीला ठरवू द्या. मनाविरुद्ध नेसलेली साडी कॅमेऱ्यात खांद्यांवर दिसते. खांदे वर चढतात आणि मग कितीही ‘रिलॅक्स’ म्हटलं तरी उतरत नाहीत. ती तयार झाली तर साडी घरूनच नेसून या. पार्कच्या बाथरूममध्ये ओल्या फरशीवर निऱ्या घालणं हा छळ आहे. साडी आधी आणि जीन्स नंतर, असाच क्रम ठेवा. जरीला मावळतीचं ऊन जास्त खुलतं, तरीही. पहिले फोटो दाट सावलीत घ्यायला सांगा, तिथे रेशमाचा रंग छान उमटतो. ब्लाउज आठवडाभर आधी घालून बघा. या वयात वर्षापूर्वीचा ब्लाउज होईलच असं नाही. गवतात टाच रुतते, म्हणून सपाट चपला. पदराच्या पिना आतल्या बाजूने लावा, नाहीतर फ्लॅशमध्ये ठिपक्यासारख्या चमकतात.

मुरुमांची काळजी सोडा, पुटकुळ्या फोटोग्राफर पुसतोच. पुसता येत नाही ती लाली आणि सोलवटलेली कातडी. म्हणून नवीन क्रीम, फेशियल, ब्लीच, काहीही त्या आठवड्यात सुरू करू नका. आयब्रो तीन-चार दिवस आधी, केस कापायचे तर दोन आठवडे आधी. सनस्क्रीन असलेलं फाउंडेशन फ्लॅश वापरणार असाल तर टाळा. त्यातल्या झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश उसळून चेहरा पांढरट येतो. आणि एक विनंती : ‘जरा उजळ करा’ असं फोटोग्राफरला सांगू नका. मला ते नेहमी ऐकावं लागतं आणि मी नेहमी नाही म्हणते. मुलीसमोर तर मुळीच नको.

चष्मा रोजचा असेल तर फोटोतही हवा. काचेवर चकाकी आली तर हनुवटी किंचित खाली घेऊन निभावतं. उन्हात काळ्या पडणाऱ्या काचा असतील तर मात्र डोळे दिसणारच नाहीत. चष्म्याच्या दुकानात काचा तात्पुरत्या काढून देतील का विचारा, किंवा जुनी रिकामी फ्रेम न्या.

निघताना तिचं मनगट बघा. केसांचा काळा रबर हमखास तिथेच राहतो आणि घरी फोटो बघताना पहिला डोळ्यांत तोच भरतो. बारीक रेघांचा शर्ट नको, स्क्रीनवर त्याच्या लाटा उठतात. ती व्हायोलिन, तबला असं काही वाजवत असेल तर घेऊन जा. हातांना काम मिळालं की चेहरा आपोआप सुटतो. आणि तुम्ही? गाडीपाशी थांबा. फोटोग्राफरच्या मागून ‘हास ना गं’ म्हणणारी आई असली की मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता आईकडे बघते.

पैसे देण्याआधी प्रिंट रिलीज, म्हणजे फोटो छापून घ्यायची परवानगी, लेखी मागा. अमेरिकी कायद्याप्रमाणे, लेखी करारात वेगळं ठरलं नसेल तर, कॉपीराइट सहसा फोटोग्राफरकडेच राहतो. नुसत्या फाइली मिळाल्या म्हणून हव्या तिथे छापून घेता येतातच असं नाही.

प्रश्न : आमचा मुलगा फोटोच नको म्हणतो. जबरदस्ती करावी का?
— एक बाबा

उत्तर : बाहेरच्या सेशनची नको. इयरबुकच्या फोटोला मात्र न्या. तो नसला तर पुष्कळ इयरबुकांत फोटो नसलेल्यांच्या यादीत नुसतं नाव छापतात. स्टुडिओवाले नंतर मोठमोठी पॅकेजं सुचवतील, ती घेणं बंधनकारक नसतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, असं त्याला सांगा, आणि कॅमेऱ्यात दिसतो तो फक्त शर्टाचा भाग, खाली शॉर्ट्स चालतील हेही सांगा. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं एवढ्यावरच तयार होतात.