३६ व्होल्ट २० एएच की १४ एएच? आधी आतले सेल मोजा

तुमची अडचण थोडक्यात अशी: सायकलला ३६ व्होल्टची २५० वॅट हब मोटर (चाकाच्या मध्यात बसवलेली) आहे, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरवर १५ अँपिअर लिहिलंय, रोजचं जाणं-येणं मिळून ३० किलोमीटर आणि वाटेत एक दमवणारा चढ. समोर दोन लिथियम पॅक आहेत. पहिल्यावर '३६ व्होल्ट २० एएच' (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) असं छापलंय, वजन अडीच किलोच्या आत आणि आत कोणते सेल आहेत याचा कुठेच पत्ता नाही. दुसरा १४ एएचचा, बराच महाग, पण त्यात सॅमसंग ३५ई सेल आहेत असं विकणारा लिहून देतोय. शिवाय याच कंट्रोलरवर ४८ व्होल्टचा पॅक चालेल का, हेही विचारलंय.

१४ एएचवाला घ्या. महाग असला तरी.

पहिल्या पॅकचा आकडा तपासायला पॅक उघडायची गरज नाही, वजनावरूनच कळतं. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल सिरीजमध्ये असतात आणि अशा दहांच्या जितक्या ओळी पॅरललमध्ये जोडाल तितकी क्षमता वाढते. आपल्याला सायकलच्या पॅकमध्ये नेहमी दिसतो तो १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यातला भरपूर क्षमतेचा सेल साधारण ३.५ एएचचा असतो आणि त्याचं वजन ४८-५० ग्रॅम भरतं. २० एएच हवे असतील तर सहा ओळी लागतील, म्हणजे ६० सेल. नुसते सेलच २.९ किलोच्या आसपास जातात. त्यावर निकेल पट्ट्या, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक बंद करणारं सर्किट), वायरी आणि केस. मग अख्खा पॅक अडीच किलोच्या आत बसेल कसा? त्या वजनात फार तर ४० सेल मावतात. ते सगळे उत्तम असले तरी १४ एएच होतात, आणि नाव नसलेल्या पॅकमध्ये उत्तम सेल निघणं अवघडच. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले २.२ एएचचे सेल असतील तर नवेपणीही ८.८ एएचच्या वर जाणार नाही. १८६५० सेलवर पाच, सहा, अगदी ९.९ एएच छापलेलंही दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नका.

पण मला जास्त काळजी क्षमतेची नाही, करंटची वाटते. किती किलोमीटर जाईल एवढंच बघून लोक पॅक घेतात आणि चढावर गाडी बंद पडली की मोटरला दोष देतात. १४ एएचच्या पॅकमध्ये ३.५ एएचच्या ३५ई सेलच्या चार ओळी असतात. कंट्रोलर १५ अँपिअर ओढतो तेव्हा ते चार पॅरलल सेलमध्ये वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी ३.७५ अँपिअर. ३५ई सेलची सलग करंटची मर्यादा ८ अँपिअर आहे. डेटाशीटमधल्या कमाल आकड्याच्या निम्म्यापर्यंतच रोजचा भार ठेवावा, असा माझा आग्रह असतो. तसं केलं की सेल गरम होत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात. तुमचा हिशोब त्यात नेमका बसतो. हेच सेल तीनच ओळींत असते तर कागदावर चाललं असतं, पण प्रत्येकावर ५ अँपिअर आले असते. तुमच्या रस्त्याला मी तसा पॅक सुचवला नसता.

थकलेल्या सेलचं काय होतं ते चढावर दिसतं. चांगल्या पॅकवर १५ अँपिअरचा भार आला की व्होल्टेज दीड-दोन व्होल्टने बसतं आणि भार गेला की लगेच वर येतं. अंतर्गत रोध वाढलेल्या सेलमध्ये तेच चार-पाच व्होल्टने कोसळतं. ३६ व्होल्टचे कंट्रोलर साधारण ३० व्होल्टच्या आसपास बंद होतात. म्हणजे सपाटीवर डिस्प्लेत दोन काड्या दिसतायत, चढाला लागताच गाडी मरते, आणि थांबून मीटर लावला तर पुन्हा ३५ व्होल्ट! बॅटरीत चार्ज असतो, पण ती तो जोरात देऊ शकत नाही.

आता १४ एएच तुम्हाला पुरेल का? व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-अवर: ३६ × १४ = ५०४. पॅडल मारत चालवलं तर किलोमीटरला १० ते १२ वॅट-अवर धरा. पॅडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर हा आकडा १५ च्या पुढे जातो. ३० किलोमीटरला ३०० ते ३६० लागतील. काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी जवळपास ४०० उरतात. पुरेल, फक्त चढावर पाय चालू ठेवा.

बीएमएसबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. '३० अँपिअर बीएमएस' लिहिलं म्हणजे पॅक ३० अँपिअर देतो, असं नाही. ती बीएमएसची सहनशक्ती आहे, सेलची नाही. तुमच्यासाठी सलग २०-२५ अँपिअरचा पुरेसा आहे. दुसरं, साध्या बीएमएसचं बॅलन्सिंग अगदी थोड्या मिलिअँपिअरने आणि चार्ज भरत आल्यावरच होतं. म्हणून अधूनमधून हिरवा दिवा लागल्यावरही चार्जर थोडा वेळ तसाच राहू द्या, अर्थात तुम्ही जागे आणि जवळ असताना.

पॅक आला की पूर्ण चार्ज करा, रात्रभर नुसता ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. ३६ व्होल्टचा पॅक पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टचा असतो, त्याच्या अगदी जवळ दिसायला हवं. विकणारा तयार असेल तर बॅलन्सच्या अकरा बारीक तारांवर दहाही गटांचं व्होल्टेज त्याच्याकडूनच मोजून घ्या. नऊ गट ४.१८ आणि एक ४.०५ असं दिसलं तर पॅक तिथेच परत करा. त्या एका गटामुळे बीएमएस सगळा पॅक लवकर तोडणार आणि तो गट दर महिन्याला आणखी मागे पडत जाणार. हे मोजताना दोन तारांना एकदम प्रोब टेकला तर शॉर्ट होतं, म्हणून सवय नसेल तर स्वतः करू नका.

४८ व्होल्टचं मात्र थेट नको. तो पॅक तेरा सिरीजचा, पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. कंट्रोलरमधले कपॅसिटर ५० व्होल्टचे असतील तर फुटू शकतात. ते ६३ व्होल्टचे निघाले तरी कंट्रोलरचा कट-ऑफ ३० वरच राहतो, म्हणजे सेल २.३ व्होल्टपर्यंत ओढला जाईपर्यंत त्याला काहीच कळणार नाही. वेग हवा असेल तर कंट्रोलर, पॅक आणि चार्जर तिन्ही बदला.

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, मला मनापासून आवडतं. आगीचा धोका कमी, आयुष्य कितीतरी जास्त. पण तेवढ्याच ऊर्जेला ते जड आणि मोठं होतं, तुमच्या फ्रेमच्या नळीवरच्या केसमध्ये मावणार नाही. सामान वाहणारी सायकल असती तर तेच सांगितलं असतं. त्याचा चार्जर वेगळा असतो, १२ सिरीजला ४३.८ व्होल्टचा. तो तुमच्या ४२ व्होल्टला भरणाऱ्या पॅकला चुकूनही लावू नका. पिन बसते म्हणून लावणाऱ्यांमुळे आगी लागतात.

चार्जिंग झोपेत नको, बाहेर पडायच्या दारापाशी नको, शून्य अंशाखाली तर अजिबात नको. उन्हात तापलेला पॅक आधी निवू द्या.

विकणारा प्रमाणपत्र दाखवेल. यूएन ३८.३ ही वाहतुकीसाठीची चाचणी आहे, रोजच्या वापरातल्या सुरक्षिततेची हमी नव्हे. ईएन ५०६०४-१ किंवा यूएल २२७१ हे हलक्या वाहनांच्या बॅटरीचे मानक आहेत. त्यांचा अहवाल असेल तर त्यावरचा मॉडेल क्रमांक तुमच्या पॅकवरच्या क्रमांकाशी जुळतोय का, तेवढं बघा.

पैसे देण्याआधी कंट्रोलरचं लेबल पुन्हा एकदा नीट वाचा. १५ हा कमाल आकडा आहे की रेटेड (सलग चालणारा), ते बघा. कमाल २० किंवा २२ निघाला तर चार ओळी अपुऱ्या आहेत. त्याच सेलचा पाच किंवा सहा ओळींचा पॅक मागा, नाहीतर जास्त करंट देणारा सेल. लेबलचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.