समासातल्या खुणा

या महिन्याच्या टपालातून चार पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांना एवढंच सांगते की मी जन्मभर मुद्रितशोधन केलं. दुसऱ्यांच्या चुका समासात दाखवून पोट भरलं म्हणा ना. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सल्ला घ्यायचा तर एका चिकित्सक मावशीचा म्हणून घ्या.

प्रश्न : मावशी, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ताटातली भाजी संपवत नाही म्हणून सासूबाई तिला रोज दम देतात, 'जेव मुकाट्यानं, नाहीतर पोलिसाला बोलावते.' मी ते हसण्यावारी नेत होते. मागच्या आठवड्यात गर्दीत तिचा हात सुटला. बंदोबस्तावरची एक पोलीस बाई तिचं नाव पुकारत तिला शोधत होती आणि ही एका बाकाखाली दडून बसली होती. वीस मिनिटांनी सापडली. 'मी भाजी खाल्ली नव्हती ना,' म्हणाली. आता हिला काय सांगू आणि सासूबाईंना काय सांगू?
– एक आई

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचताना मी 'नाव पुकारत' या दोन शब्दांवर थांबले. पोलिसाला आपलं नाव ठाऊक आहे म्हणजे आजीनं खरंच बोलावलं, असा हिशेब त्या पोरीनं केला असणार. तिच्या जागी तो अगदी बरोबर आहे.

आमच्या लहानपणी बागुलबुवा होता. त्याची एक सोय होती. मोठेपणी कधी त्याच्याकडे मदत मागायला जावं लागत नाही. पोलिसाचा बागुलबुवा केला की ती सोय जाते.

आधी पोरीचं. तिला समोर बसवून सरळ सांग, 'आजी म्हणायची ते खरं नव्हतं. न जेवणाऱ्या मुलांना पोलीस नेत नाहीत. आम्ही खोटं बोललो, चुकलं आमचं.' 'आम्ही' म्हण, कारण तूही गप्प होतीस. मग पुढच्या वेळी बाहेर पडलीस की एखादा पोलीस दिसला तर तिच्यादेखत त्याच्याशी दोन शब्द बोल, रस्ता विचार. तिला बोलायचा आग्रह नको, नुसतं बघू दे. तुझं पूर्ण नाव आणि फोन नंबर तिच्याकडून पाठ करून घे. हरवलीस तर आहेस तिथंच थांबायचं आणि गणवेशातला माणूस किंवा मुलं बरोबर असलेली एखादी बाई बघून तिला सांगायचं, हेही शिकव. आणि एक गोष्ट दोनदा सांग. कुणीही, अगदी गणवेशातला असला तरी, 'चल, आईला न सांगता जाऊ' म्हणाला तर मोठ्यानं ओरडायचं. भीती काढायची म्हणजे डोळे झाकून विश्वास टाकायला शिकवायचं असं नव्हे.

आता ताट. दोन ते सहा वर्षांच्या वयात बहुतेक मुलं नवा पदार्थ दिसला की तोंड फिरवतात. तो हट्ट नसतो, वय तसं असतं. लिआन बर्च नावाच्या संशोधक बाईंनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा जिभेला लागला, तोच मुलं पुढे आपणहून उचलू लागली. १९८४ साली त्यांनी उलटी बाजू तपासली. मुलांना बक्षिसाच्या आमिषानं एक नवं पेय प्यायला दिलं. मुलं प्यायली, पण नंतर ते पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. आमिषानं ही गत, तर धाकानं काय होत असेल याची कल्पना कर. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची कामाची वाटणी मला फार पटते. काय वाढायचं, कधी आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. चमचाभर भाजी वाढा, तिच्याकडे टक लावून बघू नका आणि उरली तर शेरा न मारता ताट उचला. अशी दहा-पंधरा जेवणं जातील. जाऊ देत.

सासूबाईंना भाषण देऊ नकोस. बाकाखालची गोष्ट पोरीच्याच शब्दांत त्यांना ऐकव. नातीवर जीव आहे म्हणूनच त्या ताटाशी बसतात. त्यांना पुरेल तेवढं.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी उकडलेली अंडी खाल्ली आणि त्याच रात्री साथीच्या आजारानं आडवा झालो. घरातले सगळेच आजारी होते, अंडी मी एकट्यानं खाल्ली होती. म्हणजे अंडी निर्दोष! तरी अजून वास आला की पोटात ढवळतं. बायको म्हणते, मनाचे खेळ.
– अंड्याला मुकलेला

उत्तर : वहिनींना सांगा, मनाचे नव्हे, पोटाचे. जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली उंदरांवर प्रयोग केला. गोड पाणी पाजलं आणि किरणोत्सर्गानं त्यांना आजारी पाडलं. बिचाऱ्या पाण्याचा काही संबंध नव्हता, पण उंदरांनी पुढे ते टाळलं. ही गाठ एकदाच्या अनुभवानं बसते आणि खाण्यात व आजारपणात काही तास गेले तरी बसते. विषबाधेपासून जीव वाचवायला ती कामाची आहे, पण साक्षीपुरावे तपासत बसत नाही. अंड्यावाचून कुणाचं अडत नाही. खावीशी वाटलीच तर दुसऱ्या पदार्थात मिसळलेली, घासभर घेऊन बघा.

प्रश्न : आजी, मी पंधरा वर्षांचा आहे. मोठ्या सुट्टीत काम करायचं म्हणतो. ओळखीच्या एका काकांच्या पुस्तकांच्या गोदामात याद्या करायचं काम आहे. बाबा म्हणतात, 'आम्ही तुला खायला घालत नाही का? लोक काय म्हणतील?' तुम्ही लहानपणी काम केलं होतं असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. बाबा हे सदर वाचतात.
– सुट्टीतला उमेदवार

उत्तर : शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंस ना, लबाडा?

मी बाराव्या वर्षी वडिलांच्या स्नेह्यांच्या छापखान्यात सुट्टीभर जात होते. काम एकच. छापून झालेला मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा, म्हणजे एका अक्षराचा धातूचा ठसा, आपापल्या खणात परत टाकायचा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. त्यात आपली लिपी वस्ताद. घ आणि ध, भ आणि म, उलटे धरले की जुळी भावंडं. पहिल्याच आठवड्यात मी भ च्या खणात मूठभर म टाकले. दुसऱ्या दिवशी निघालेल्या निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांना 'स्नेहमोजना'चं आमंत्रण होतं.

मला वाटलं आता हाकलणार. तिथले जुने कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, ओरडले नाहीत. त्यांनी मला केसजवळ, म्हणजे खणांच्या पेटीजवळ, उभं केलं आणि म्हणाले, 'माझा हात बघ.' ते बघत होते समोरच्या कागदाकडे. हात आपला आपण खणात जात होता, खिळा उचलत होता, स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, लावत होता. 'मी खणात बघत नाही. तू बरोबर टाकलं असशील असं धरून चालतो.' बस्स, एवढंच. त्यानंतर सुट्टीभर मी म टाकताना दोनदा बघायचे. आजही बघते.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो तुझ्या बाबांसाठी सांगते. केसजवळ खायचं नाही, आणि डब्याला हात लावण्याआधी साबणानं नखांपर्यंत हात धुवायचे. ते स्वतः उभे राहून बघायचे. खिळ्यात शिसं असतं, अँटिमनी आणि कथिलाबरोबर, आणि शिसं पोटात गेलं की मुलांच्या मेंदूला अपाय करतं. खरं बोलायचं तर हात धुऊनही ते काम बारा वर्षांच्या मुलीला द्यायचं नव्हतं. आज मी माझ्या नातीला देणार नाही.

तेव्हा प्रश्न 'काम करावं का' हा नाही, 'कोणतं' हा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारात कामासाठी साधारण पंधरा वर्षं वय धरलं आहे. शाळेच्या आड न येणारं, तब्येतीला अपाय न करणारं हलकं काम तेरापासून चालतं, आणि धोक्याच्या कामाला अठरा. देशोदेशीचे कायदे याच्याहून कडक असू शकतात, तेव्हा बाबांनी आपल्याकडचा नियम आधी बघावा. मग गोदाम स्वतः जाऊन बघावं. उंच शिड्या आहेत का, ओझी उचलायला लावतील का, जेवायची सुट्टी किती, संध्याकाळी कधी सोडणार.

आणि बाबा, 'लोक काय म्हणतील' याचं उत्तर तुम्हाला देते. पुढे थोर शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे तेराव्या वर्षी एका पुस्तकबांधणीवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागला. वर्षभरानं, १८०५ साली, तिथंच सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता त्याला विजेचा नाद लागला. त्याच्या घरी गरिबी होती, त्याला गत्यंतर नव्हतं. तुमच्या मुलाला आहे. म्हणून तर त्याला हवं तेव्हा 'उद्यापासून येत नाही' म्हणता येईल. ज्या मुलाला तसं म्हणता येत नाही, त्याच्या कामाबद्दल लोकांनी जरूर बोलावं. आपण त्याच्याबद्दलच नेमके गप्प असतो.

बाळा, कामाचे तास आणि पैसे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घे, काका ओळखीचे असले तरी. ओळखीचे असतील तर जास्तच. पुढच्या सुट्टीत मी दुसरीकडे गेले, तिथं शेवटच्या आठवड्याचे पैसे 'नंतर ये' म्हणता म्हणता बुडाले. मागायला जायची मला लाज वाटली. लाज त्यांना वाटायला हवी होती, हे कळायला बरीच वर्षं गेली.

प्रश्न : शेजारच्या वृद्ध जोडप्याकडे चोरी झाली. जिन्यातून उतरणारा माणूस मी पाहिला. साक्ष द्यायची इच्छा आहे, पण पूर्वी एकदा ठाण्यात माझ्याशी फार उर्मटपणे वागले होते. पत्नी म्हणते, नसत्या लफड्यात पडू नका. पोलिसांवर विश्वास ठेवावा का?
– जिन्यातला साक्षीदार

उत्तर : 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण ठाण्याच्या पायरीलाही लावून टाकली आहे. तुमचा राग खरा आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. टॉम टायलर या अभ्यासकांनी १९८४ साली शिकागोतल्या दीड हजारांहून अधिक लोकांशी बोलून एक गोष्ट दाखवली. आपल्या बाजूनं निकाल लागला की नाही, यापेक्षा आपलं ऐकून घेतलं का आणि नीट वागवलं का, यावर लोकांचं मत जास्त ठरतं. एका उर्मट माणसानं खात्याचं किती नुकसान केलं बघा. वर्षांनंतरही तुम्ही जिन्यात अडला आहात.

पण 'पोलिसांवर विश्वास' हा प्रश्न फार मोठा करून ठेवलात. तुम्हाला लागतो तो एका कागदापुरता.

आज रात्रीच, शेजाऱ्यांशी चर्चा करण्याआधी, पाहिलं ते लिहून काढा. वेळ, कपडे, उंची, हातात काय होतं. जे दिसलं नाही तेही लिहा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात 'धडकल्या'च्या जागी जोरकस क्रियापद घातलं की लोक वेग वाढवून सांगत, आणि आठवड्यानं त्यांतल्या बऱ्याच जणांना न फुटलेल्या काचाही आठवल्या. जिन्यातल्या गप्पांत तुमच्या चोराला दाढी फुटायला वेळ लागणार नाही.

मग ठाण्यात जा. एकटे नको, कुणाला तरी बरोबर घ्या. जबाब घेणाऱ्याचं नाव विचारा. यात उद्धटपणा नाही. लंडनमध्ये १८२९ साली तिथले गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी नवं पोलीस दल उभं केलं, तेव्हा लाल सैनिकी डगल्याऐवजी निळा कोट दिला आणि प्रत्येकाच्या कॉलरवर अक्षर आणि आकडा लावला. लोकांना माणूस ओळखता यावा म्हणूनच तो आकडा.

माझी पर्स बसमधून उतरताना मारली गेली तेव्हाची गोष्ट. जबाब एका तरुण पोलिसानं लिहिला, अक्षर सुंदर. 'सही करा,' म्हणाला. मी चष्मा काढला, पेन्सिल काढली, सवयच ती. मी सात म्हणाले होते तिथं नऊ होतं. ते एक वेळ चालेल. पण खाली होतं, 'सदर इसमास मी पुन्हा पाहिल्यास ओळखीन.' मी म्हटलं, मी पाठ पाहिली, चेहरा नाही. तो म्हणाला, 'बाई, असंच लिहितात.' मी म्हटलं, असंच लिहीत असाल, पण सही माझी आहे. तो वैतागला. 'ही काय शाळा आहे का?' पलीकडच्या टेबलावरचे वयस्कर अंमलदार फायलीतून मान वर न करता म्हणाले, 'लिही बाबा, त्या सांगतात तसं.' त्यानं ओळ खोडली, खोडल्याजागी त्यानंही सही केली, मीही केली. उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायला मीच सांगितलं. जाताना त्या तरुणानं विचारलं, 'मॅडम, तुम्ही मास्तरीण का?'

पर्स मिळाली नाही. जबाब मात्र मी सांगितला तसा राहिला.

वहिनींनाही बरोबर घेऊन जा. आणि चष्मा विसरू नका.