वाचकांचे प्रश्न : कोरा सेल म्हणजे हो की नाही?

प्रश्न : आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. काका प्रत्येक लॉटची नोंद एक्सेलमध्ये ठेवतात, वजन बसतंय, डाग नाही, साका (आतल्या गरात पडणारा स्पंजासारखा खराब भाग) नाही असे तीन कॉलम, त्यात ट्रू किंवा फॉल्स भरायचं आणि शेवटी तिन्हीवर अँड, म्हणजे सगळे ट्रू असतील तरच ट्रू. ट्रू आलं तर लॉट वाशीच्या बाजारात, नाहीतर कॅनिंगला. मी तेच पायथनमध्ये घेतलं, सगळं ट्रू आहे का बघणारं ऑल फंक्शन लावलं, तर शीटमध्ये पास असलेले बरेच लॉट माझ्याकडे फेल. काका म्हणतात तुझा प्रोग्राम बिघडलाय. कोण बरोबर?

उत्तर : फेल झालेल्या लॉटचा साक्याचा कॉलम आधी उघडून बघा, बहुतेक तिथे काहीच भरलेलं नसणार. साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही आणि प्रत्येक लॉटमधलं फळ कोण कापत बसणार, त्यामुळे काकांनी तो सेल तसाच सोडलाय. एक्सेलचं अँड रेंजमधला कोरा सेल मोजतच नाही, उरलेल्या दोन ट्रूवर ट्रू देऊन मोकळं होतं. तुमच्या प्रोग्राममध्ये तोच कोरा सेल नन, म्हणजे ‘काहीच नाही’ म्हणून येतो, आणि पायथन ननला फॉल्स धरतं. आणि गंमत म्हणजे हीच फाइल ओपनपायएक्सेल या लायब्ररीऐवजी (बहुधा तुम्ही तीच वापरलीय) पांडास या दुसऱ्या लायब्ररीने वाचली असतीत तर कोऱ्या जागी नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) आलं असतं, ते पायथनच्या ऑलला ट्रू वाटतं, म्हणजे लॉट परत पास! फाइल तीच, आंबे तेच, उत्तर बदललं फक्त वाचणारी लायब्ररी बदलली म्हणून.

आता यापेक्षा वाईट गोष्ट सांगतो. एक्सेलचं अँड रेंजमधला मजकूरही सोडून देतं. म्हणजे बागेतल्या कोणी घाईत फॉल्सऐवजी मराठीत ‘नाही’ टाइप केलं तर तो सेलसुद्धा कोऱ्यासारखाच बाजूला पडतो आणि बाकीचे दोन ट्रू असतील तर लॉट पास. एररसुद्धा येत नाही. काकांना म्हणावं फिल्टर लावून असे सेल शोधा एकदा, आणि पुढच्या सीझनला त्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून टाका, म्हणजे ठरलेल्या किंमतींशिवाय काही भरताच येणार नाही.

शीटशी तंतोतंत जुळणारं अँड हवंच असेल तर ते स्वतः लिहावं लागेल, पण फार मोठं काम नाही. एकेक किंमत घेत जायची. ट्रू-फॉल्स असेल तर तशीच घ्यायची, आकडा असेल तर शून्य म्हणजे फॉल्स आणि बाकी सगळं ट्रू, कोरं असेल तर सोडायचं. मजकूर सेलमधून आलाय की थेट फंक्शनच्या कंसात दिलाय हे लक्षात ठेवायला लागतं, कारण सेलमधला सोडून द्यायचा असतो पण थेट दिलेला ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ हा मजकूर एक्सेल मानतं आणि दुसरं काही दिलं तर व्हॅल्यू एरर. एखाद्या सेलमध्ये एरर असेल तर उत्तर म्हणून तीच एरर परत. आणि सगळं सोडून झाल्यावर हातात एकही किंमत उरली नाही तर व्हॅल्यू एरर द्यायची, इथेच लोक फसतात, कारण पायथनचं ऑल रिकाम्या लिस्टला बिनधास्त ट्रू म्हणतं.

अजून एक, पहिला फॉल्स दिसला की लूपमधून बाहेर पडू नका. मोह होतो, पण एक्सेल तसं करत नाही. समजा अट आहे की फळांची संख्या शून्याहून जास्त हवी आणि एकूण वजन भागिले संख्या २५० ग्रॅमच्या वर हवं. संख्या शून्य असली की पायथनचं साधं अँड पहिल्या अटीवरच थांबतं, भागाकारापर्यंत जातच नाही. एक्सेल दोन्ही अटी काढतं आणि शून्याने भागल्याची एरर दाखवतं. अट बघून दोनपैकी एक उत्तर देणाऱ्या इफचं मात्र उलटं आहे, एक्सेलचं इफ फक्त निवडलेली बाजू काढतं, दुसरी बघतही नाही, आणि तुम्ही इफ नावाचं फंक्शन पायथनमध्ये लिहिलंत तर आत शिरायच्या आधीच दोन्ही बाजू काढून झालेल्या असतात आणि भागाकार फुटतो. म्हणून तिथे किंमत न देता लॅम्डा, म्हणजे बोलावल्यावरच चालणारं छोटं फंक्शन द्या, जी बाजू हवी तेवढीच आत बोलवा.

पण माझं मत विचाराल तर हे एवढं सगळं फक्त जुने हिशोब जुळवण्यापुरतं करा. पुढे मात्र कोऱ्या सेलला स्वतःची जागा द्या. एकही फॉल्स असेल तर लॉट फेल, फॉल्स नाही पण काही कोरं आहे तर ‘तपासणी बाकी’, सगळं ट्रू असेल तरच पास. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत नल, म्हणजे कोरी किंमत, असंच वागतं, नवीन काही नाही. न कापलेल्या आंब्याला साका नाही असं काकांची शीट म्हणते, साका आहे असं तुमचा प्रोग्राम म्हणतो, दोघांनाही माहीत नाहीये!

प्रश्न : मालवणला आमची तिघा भागीदारांची बोट आहे. डिझेलचे पैसे नेमके एकानेच भरलेत ना हे बघायला एक्सऑर लावला, तिघांनी भरले तरी ट्रू येतं. असं का?

उत्तर : कारण एक्सऑरला नेमका एक शोधायचाच नसतो, ट्रूची संख्या विषम आहे का एवढंच तो बघतो. एक असो की तीन, विषमच. दोनच किंमती असतील तर फरक कळत नाही म्हणून लोकांचा गैरसमज होतो. तुम्हाला ट्रू मोजायचेत आणि ते बरोबर १ आहेत का बघायचंय, काउंटइफ वापरा. कोडमध्ये सम फंक्शनने बेरीज करून १ शी तुलना केली तरी चालतं, पायथनमध्ये ट्रू म्हणजे १ च. एक्सेलच्या सम फंक्शनवर मात्र विसंबू नका, ते रेंजमधले ट्रू मोजत नाही, शून्य देतं. आणि एक्सऑर एक्सेल २०१३ पासून आलाय, त्याआधीच्या व्हर्जनवर फाइल उघडली तर चालणार नाही.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. तारीख १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत येते का हे काढायला गणितात लिहितात तसं एकाच ओळीत दोन्ही बाजूंना लहान-किंवा-समान चिन्ह टाकलं. पायथनमध्ये बरोबर येतं, एक्सेलमध्ये कायम फॉल्स, भाच्याने जावास्क्रिप्टमध्ये केलं तर कायम ट्रू.

उत्तर : तिघांचेही नियम वेगळे. पायथन ती साखळी ओळखतं, दोन तुलना करून मध्ये अँड घालतं. एक्सेल डावीकडून पहिली तुलना करतं, उत्तर ट्रू किंवा फॉल्स येतं, आणि मग ते उत्तर ३१ जुलैच्या आकड्याशी लावतं, एक्सेलच्या क्रमात ट्रू आणि फॉल्स दोन्ही कुठल्याही आकड्यापेक्षा मोठे म्हणून ते लहान-किंवा-समान कधीच होत नाही. जावास्क्रिप्टही तसंच डावीकडून जातं पण ट्रूचा १ आणि फॉल्सचा ० करतं, आणि ३१ जुलै त्याच्या लेखी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांचा भलामोठा आकडा, त्यापुढे ० काय नि १ काय, लहानच. दोन्हीकडे अट तोडून दोन तुलना करा, एक्सेलमध्ये अँडच्या आत आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन अँपरसँडने जोडून. आणि ३१ जुलैला वेळेसकट नोंद असेल तर १ ऑगस्टच्या आधी अशी अट घ्या, नाहीतर त्या दिवशी दुपारची नोंद बंदीच्या बाहेर दिसेल.